लाल शनिवार: लिंकन, नेब्रास्का आणि ऑप्शनचे दिवस

नेब्रास्कात मुद्दाम जाणारा मराठी पर्यटक विरळाच. समुद्र नाही, बर्फाची शिखरं नाहीत, एकही मोठा व्यावसायिक फुटबॉल संघ नाही. आहे तो विद्यापीठाचा संघ, नेब्रास्का कॉर्नहस्कर्स. लिंकन शहरातल्या त्याच्या मेमोरियल स्टेडियमची सगळी तिकिटं नोव्हेंबर 1962 पासून प्रत्येक सामन्याला खपत आली आहेत. साधारण 85 हजार माणसं आत बसली की ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं शहर त्या दिवसापुरतं हे स्टेडियमच असतं. विशेष म्हणजे संघाचे खरे सोन्याचे दिवस 2001 सालीच संपले. तरी लोक येतात आणि खेळाइतकंच ‘ऑप्शन’ नावाच्या डावावर उभ्या असलेल्या जुन्या खेळाबद्दल बोलतात. ही सहल त्या बोलण्यासाठी होती.

हा फुटबॉल कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा नव्हे, अंडाकृती चेंडूचा अमेरिकन. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाऊन, सहा गुण. एवढं ठाऊक असलं तरी लिंकनमध्ये भागतं. बाकीचं शेजारच्या बाकावरचे लोक न विचारता सांगतात.

गुरुवार: ओमाहा

लिंकनला लहान विमानतळ आहे, पण फ्लाइट ओमाहाच्या एप्ली फील्डला जास्त आणि स्वस्त. तिथून लिंकन आय-80 महामार्गाने साधारण तासाभरावर. कॅन्सस सिटीहून गाडीने तीन तास, शिकागोहून आठ, डेन्व्हरहून सात. शिकागो आणि डेन्व्हरच्या मंडळींना ॲमट्रॅकची कॅलिफोर्निया झेफिर ही रेल्वेगाडी लिंकनला थेट आणते, फक्त ती दोन्ही दिशांना अपरात्री येते. लहान मुलं बरोबर असतील तर तो बेत नको.

ओमाहात पहिला थांबा क्युमिंग स्ट्रीटवरची जुनी टेक्निकल हायस्कूलची अवाढव्य इमारत. शाळा कधीच बंद झाली, आता तिथे शहराच्या शाळा खात्याची कचेरी आहे, त्यामुळे बघायचं ते बाहेरूनच. नेब्रास्काचा गाजलेला खेळाडू जॉनी रॉजर्स इथला. 25 नोव्हेंबर 1971, थँक्सगिव्हिंगचा दिवस, ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावी देशातला पहिल्या क्रमांकाचा नेब्रास्का आणि दुसऱ्या क्रमांकाचा ओक्लाहोमा समोरासमोर. पहिल्या काही मिनिटांतच रॉजर्सने पंट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने लाथेने दूर मारलेला चेंडू, झेलला, धडकेतून कसाबसा तोल सावरला आणि 72 यार्ड पळत गेला. सामना 35-31 असा नेब्रास्काने जिंकला. शेवटचा टचडाऊन जेफ किनीचा, दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला असताना. त्या दिवसातले चार टचडाऊन या किनीचे, आणि तो राज्याच्या नैऋत्येकडच्या मॅकूक या छोट्या गावचा. गर्दीत ‘गेम ऑफ द सेंच्युरी’ म्हटलं की सत्तरीच्या पुढचे लोक रॉजर्सचं नाव घेतात आणि गावाकडचे लोक किनीचं. हा फरक पुढे सगळीकडे दिसत राहिला.

दुसरी गोष्ट आवाजाची. त्या काळी दूरचित्रवाणीवर कोणते सामने दाखवायचे हे महाविद्यालयीन क्रीडा संघटना ठरवायची, आणि एका संघाचे वर्षाला मोजकेच सामने दिसायचे. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने तो मक्ता मोडला. तोपर्यंत नेब्रास्काचा फुटबॉल मुख्यतः ओमाहाच्या केएफएबी रेडिओवर, लायल ब्रेमसरच्या आवाजात ऐकला गेला. ऑक्टोबर म्हणजे मक्याची काढणी. शनिवारी दुपारी ट्रॅक्टरवर बसून ऐकलेले सामने ही इथल्या एका आख्ख्या पिढीची आठवण आहे. ओल्ड मार्केटमधल्या उपाहारगृहात शेजारच्या टेबलावर बसलेल्या, हेस्टिंग्जकडच्या एका निवृत्त शेतकरी आजोबांनी 1971 चा तो पंट रिटर्न शब्दन्‌शब्द म्हणून दाखवला. त्यांनी तो पाहिला नव्हता, ऐकला होता.

मुक्कामाचं गणित: सामन्याच्या आठवड्यात लिंकनच्या मध्यवर्ती हॉटेलांचे दर दुप्पट-तिप्पट होतात आणि बरीच हॉटेलं किमान दोन रात्रींची अट घालतात. ओमाहाच्या पश्चिम टोकाला, आय-80 जवळ, राहिलात तर पैसे वाचतात. पण सामना संध्याकाळचा असेल तर परतीची गर्दी मध्यरात्री झेलावी लागते. आणि सामन्याची वेळ बऱ्याचदा जेमतेम सहा ते बारा दिवस आधी कळते, कारण ती टीव्ही वाहिन्या ठरवतात: सकाळी अकरा, दुपारी अडीच किंवा संध्याकाळी साडेसहाच्या आसपास. म्हणून शनिवारी रात्रीचं परतीचं विमान कधीच घेऊ नका. जुने प्रेक्षक सर्वांत जास्त कशावर चिडत असतील तर यावर. त्यांच्या तरुणपणी सामना दुपारी एक-दीडला सुरू व्हायचा आणि अंधाराच्या आत माणूस गुरांपाशी परत असायचा.

शुक्रवार: लिंकन

सकाळ राज्याच्या कॅपिटॉलसाठी, म्हणजे विधानभवनासाठी ठेवावी. 400 फूट उंच मनोरा, वर बी पेरणाऱ्या शेतकऱ्याचा पुतळा. प्रवेश फुकट, मार्गदर्शकासह फेरीही फुकट, चौदाव्या मजल्यावरून चारी बाजूंची सपाटी दिसते. फुटबॉलच्या सहलीत हे कशाला? कारण भिंतींवरचे लेख. कॅपिटॉलवर काय कोरायचं हे विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हार्टली बर अलेक्झांडर यांनी ठरवलं, आणि त्याच सुमारास उभ्या राहिलेल्या फुटबॉल स्टेडियमच्या कोपऱ्यांवरचा मजकूरही त्यांचाच. 1923 साली सुमारे 31 हजार क्षमतेने उघडलेलं हे मैदान युद्धांत गेलेल्या नेब्रास्काच्या माणसांचं स्मारक आहे, म्हणून नावात ‘मेमोरियल’. नैऋत्य कोपऱ्यातला लेख सांगतो की महत्त्व विजयाला नाही, कृतीला आहे. ध्येयाला नाही, खेळाला आहे. विजयांच्या आठवणींवर जगणाऱ्या गर्दीला दर शनिवारी या भिंतीखालून आत जावं लागतं, हे मला फार आवडलं.

स्टेडियमला बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा शुक्रवारीच घाला, शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. उत्तरेकडे टॉम ऑस्बोर्न आणि ब्रुक बेरिंजर यांचा जोड पुतळा आहे. ऑस्बोर्न 1973 ते 1997 मुख्य प्रशिक्षक: 255 विजय, 49 पराभव, 3 बरोबरी. बेरिंजर हा 1994 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा खेळाडू. पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझर रक्तात गाठी झाल्यामुळे बाहेर गेला तेव्हा याने हंगाम सांभाळला, आणि एप्रिल 1996 मध्ये विमान अपघातात गेला. पुतळ्यापाशी लोक येतात ते फोटोसाठी, पण आवाज खाली आणून बोलतात.

याच उत्तर टोकाला पूर्वी शुल्टे फील्डहाऊस होतं. 1969 मध्ये बॉइड एप्ली या पोल व्हॉल्टर विद्यार्थ्याला खेळाडूंकडून वजनं उचलून घेण्याच्या कामावर ठेवलं ते इथेच. तेव्हा बहुतेक प्रशिक्षकांचा समज असा की वजन उचललं की खेळाडू आखडतो, मंदावतो. नेब्रास्काने उलटं करून दाखवलं, आणि नंतर सगळ्यांनी ती पद्धत उचलली. आज प्रत्येक मोठ्या विद्यापीठाकडे तसली व्यायामशाळा आहे. अर्थात नेब्रास्काचा हा फायदा उरला नाही.

दुपारी साउथ बॉटम्स. रशियातल्या व्होल्गा नदीकाठी शंभरेक वर्षं राहून मग अमेरिकेत आलेल्या जर्मनांची ही वस्ती. लहान घरं, अरुंद प्लॉट, आणि डी स्ट्रीटवर त्यांच्या इतिहास संस्थेचं मुख्यालय. त्यांच्या घरातला पदार्थ म्हणजे रुन्झा: मऊ लांबट पाव, आत खिमा, कोबी, कांदा. 1949 साली लिंकनमध्ये सॅली एव्हरेट यांनी भावाबरोबर त्याचं दुकान काढलं, त्याची आता राज्यभर साखळी आहे. स्टेडियममध्येही रुन्झाच खातात. खिमा गाईचा असतो, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी फ्रिंग्ज घ्यावेत: बटाट्याचे फ्राइज आणि कांद्याच्या रिंगा अर्ध्या-अर्ध्या. मिरपूड बेताची, मीठ बेताचं. आपल्या जिभेला रुन्झा सपक लागतो, सोबत तिखट सॉस खिशात ठेवा. थंडीत इथे तिखटसर चिलीबरोबर (खिमा आणि राजम्याचा दाट रस्सा) दालचिनीचा गोड रोल खातात, शाळेच्या डब्यापासूनची सवय. ऐकायला विचित्र, पण रोलचा तुकडा चिलीत बुडवला की जमतं. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर मंगळवारी सकाळी सहाला जितकं फॅरनहाइट तापमान, तितक्या सेंटला रुन्झा मिळतो, सोबत फ्राइज आणि पेय घेतलं तर.

शाकाहारी मंडळींसाठी व्हॅलेंटिनोज, 1957 पासूनचा लिंकनचा पिझ्झा. आणि ईस्ट कॅम्पसवरचं विद्यापीठाचं डेअरी स्टोअर, जिथलं आइस्क्रीम चुकवू नये. रांग असते, पण भराभर पुढे सरकते.

संध्याकाळी हेमार्केट. जुनी विटांची गोदामं, आता खानावळी. सामन्याच्या आदल्या रात्री इथे लाल रंगाखेरीज काही दिसत नाही. थोडा वेळ कान दिला की चाहत्यांचे थर कळायला लागतात, आणि ते ओळखण्याची सोपी खूण म्हणजे कोणता सामना ते आधी काढतात.

सर्वांत जुना थर बॉब डेव्हनीचा. 1941 ते 1961 या वीस-एकवीस वर्षांत संघाचे जेमतेम तीन हंगाम विजयी होते. 1962 मध्ये डेव्हनी वायोमिंगहून आले आणि पहिल्याच वर्षी नऊ सामने जिंकले. 1970 आणि 1971 अशी लागोपाठ राष्ट्रीय विजेतेपदं. हे लोक विनोदी किस्से सांगतात, कारण डेव्हनी स्वतः मिश्कील होते. त्यांचा आवडता तपशील असा: हाऊसफुल्लची अखंड मालिका सुरू झाली त्या 3 नोव्हेंबर 1962 च्या मिझुरीविरुद्धच्या सामन्यात नेब्रास्का 16-7 हरला होता.

मधला थर 1983 चा, आणि तो पराभवाचा आहे. टर्नर गिल, माइक रोझियर, आयर्व्हिंग फ्रायर; सामन्यामागे 52 गुण. 2 जानेवारी 1984, मायामीचा ऑरेंज बोल, हंगामाअखेरचा मानाचा सामना. शेवटचं मिनिट, नेब्रास्काचा टचडाऊन, गुण 31-30, मायामी एकने पुढे. टचडाऊननंतर एक जादा प्रयत्न मिळतो: लाथेने एक गुण, किंवा चेंडू पुन्हा रेषेपलीकडे नेऊन दोन. लाथेने एक गुण घेतला तर बरोबरी. तेव्हा जादा वेळ नव्हता, सामना तिथेच संपला असता, आणि अपराजित नेब्रास्काला बहुधा विजेतेपदही मिळालं असतं. ऑस्बोर्न दोन गुणांसाठी गेले. गिलचा पास मायामीच्या खेळाडूच्या बोटांना लागून भरकटला. कुठल्याही टेबलावर हा विषय काढून पाहा: एकजण तरी म्हणेल लाथ मारायला हवी होती, आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडतील.

तिसरा थर नव्वदच्या दशकाचा, आता पन्नाशीच्या आसपासचा, सर्वांत मोठ्या आवाजाचा. 1994, 1995 आणि 1997 ची विजेतेपदं, शेवटचं मिशिगनबरोबर वाटून घेतलेलं. यांना 1995 चा संघ सर्वकाळ श्रेष्ठ वाटतो, आणि फिएस्टा बोलमध्ये फ्लोरिडाला 62-24 असं लोळवलेलं पाहिलं तर वाद घालणं कठीण. पण एक गोष्ट या टेबलावर सहसा निघत नाही. त्या हंगामात लॉरेन्स फिलिप्स या धावपटूला पूर्वीच्या मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल अटक झाली होती, आणि काही सामन्यांच्या निलंबनानंतर ऑस्बोर्ननी त्याला परत घेतलं. देशभर टीका झाली. त्या निर्णयाचं ओझं त्या विजेतेपदावर आहे, आणि जुने दिवस सांगताना ते गाळणाऱ्यांचं मला पटत नाही. आणखी एक विसर: सत्तरच्या दशकात ओक्लाहोमाकडून वारंवार हरल्यामुळे याच शहरात ऑस्बोर्नवर इतकी बोलणी झाली की 1978 च्या शेवटी ते कोलोरॅडोला जाण्याच्या विचारात होते.

शनिवार: सामना

वाहन आधीच ठरवलेल्या जागी लावा. स्टेडियमच्या उत्तरेला नॉर्थ बॉटम्स ही दुसरी जुनी जर्मन वस्ती, तिथले लोक आपल्या अंगणात पैसे घेऊन गाड्या लावू देतात. रेल्वेरूळ ओलांडावे लागतात आणि मालगाडी आली की मैलभर लांबीची डब्यांची माळ संपेपर्यंत उभं राहावं लागतं, म्हणून वीस मिनिटं जास्तीची धरा. अंगणात लावताना मालकाला एकच प्रश्न विचारा: मागे दुसरी गाडी लावणार का? लावली तर त्या गाडीचा मालक येईपर्यंत तुमची सुटका नाही.

ऑक्टोबरची हवा फसवी. दुपारी उन्हात 20 अंश सेल्सियस, सूर्य पश्चिम स्टँडमागे गेला की अर्ध्या तासात सावली बोचते, रात्री 5 पर्यंत उतरतं. त्यात वारा. पूर्व स्टँडमध्ये दुपारभर डोळ्यांवर ऊन, पश्चिमेला आधी सावली. बहुतेक जागा म्हणजे पाठ नसलेले ॲल्युमिनियमचे बाक, माणशी रुंदी जेमतेम. जाड कपड्यांत सगळे बसले की रांगेत शेवटचा माणूस अर्धा बाहेर. बसायची पातळ गादी न्या, ॲल्युमिनियम थंडीत अंगातली ऊब ओढून घेतं. मोठी बॅग आत सोडत नाहीत. खिसे किंवा लहान पारदर्शक पिशवी. तिकीट फोनवर असतं, आणि गर्दीत नेटवर्क बसतं, म्हणून ते घरूनच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. स्वस्त तिकीट हवं असेल तर सामन्याच्या दिवशी सकाळपर्यंत थांबा. प्रतिस्पर्धी साधारण असला तर भाव पडतात. सगळी तिकिटं ‘खपतात’ याचा अर्थ सगळी माणसं येतात असा नाही. 2021 मध्ये उरलेली तिकिटं देणगीदारांनी विकत घेऊन मुलांना वाटली, तेव्हा कुठे मालिका टिकली.

टेलगेट म्हणजे गाडीच्या मागच्या फळीवर मांडलेला संसार. इथे अनोळखी माणसाला खायला बोलावतात, आणि नको म्हटलं तर वाईट वाटून घेतात. शेजारच्या अंगणातल्या, ॲबर्डीन अँगस जातीची गुरं पाळणाऱ्या कुटुंबाने मांस खात नाही म्हटल्यावर मक्याची कणसं आणि बटाट्याचं सॅलड पुढे केलं, आणि आजींनी लगेच विचारलं, ‘भारतात मका कधी काढतात?’ त्यांची दोन तिकिटं डेव्हनींच्या काळापासून घरात आहेत. इथे हंगामी तिकिटं मृत्युपत्रात लिहितात, हे मला अतिशयोक्ती वाटत होतं. त्यांनी वकिलाचं नाव सांगितलं.

संघ बोगद्यातून बाहेर येतो तो ‘टनेल वॉक’ चुकवू नका, सुरुवातीच्या अर्धा तास आधी जागेवर असा. 1994 पासूनची ही प्रथा. एक जुनी प्रथा मात्र गेली: पहिल्या टचडाऊनला हजारो लाल फुगे सोडायचे. 2022 मध्ये हेलियमच्या टंचाईमुळे ते थांबवलं.

आता जुने लोक ज्यासाठी हळहळतात तो खेळ नेमका काय होता ते. सामना पाहताना शेजारचे आजोबा प्रत्येक पासला मान हलवतात आणि म्हणतात, ‘ऑप्शन चालवा.’ ऑप्शन असा: क्वार्टरबॅकच्या मागे फुलबॅक, त्याच्या मागे सरळ रेषेत मुख्य धावपटू, ज्याला इथे आय-बॅक म्हणतात. चेंडू मिळताच क्वार्टरबॅक तो फुलबॅकच्या पोटाशी धरतो. समोरच्या बचावफळीतल्या एका माणसाला मुद्दाम अडवलेलं नसतं. तो फुलबॅककडे झेपावला तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेतो आणि कडेला पळतो. तो जागीच राहिला तर फुलबॅकला चेंडू देऊन टाकतो. कडेला पुढचा मोकळा सोडलेला माणूस येतो. तो क्वार्टरबॅकवर आला तर चेंडू बाजूच्या आय-बॅककडे टाकायचा, आय-बॅककडे गेला तर स्वतः घुसायचं. ज्या दोघांना अडवायची गरज उरत नाही, त्यांच्यासाठीचे दोन अडवणारे दुसरीकडे वापरता येतात. सगळी बेरीज-वजाबाकी तिथेच आहे.

बिघडतं कुठे? पोटाशी धरलेला चेंडू अर्धा सेकंद उशिरा काढला तर दोघांच्या हातांत अडकून खाली. आय-बॅक चार-पाच यार्डांचं अंतर न राखता फार पुढे गेला तर टाकलेला चेंडू मागे पडतो. क्वार्टरबॅक दर खेपेला मार खातो, म्हणून दुसरा तितकाच तयार लागतो. 1994 मध्ये तेच उपयोगी पडलं. आणि पिछाडीवर पडलात, वेळ कमी असला, तर धावत गुण भरून काढणं कठीण. 1995 मध्ये हा प्रश्नच आला नाही. सामन्यामागे जवळपास 400 यार्ड नुसते धावून.

याला हजारो वेळा सराव लागतो, आणि सरावाला माणसं लागतात. ऑस्बोर्न एकाच वेळी मैदानाच्या चार भागांत चार गट खेळवायचे. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या फळीचा मुलगाही नुसता बघत उभा राहत नसे. ही माणसं येत कुठून? शिष्यवृत्ती नसलेले ‘वॉक-ऑन’. शंभर-दीडशे उंबऱ्यांच्या गावांतली शेतकऱ्यांची दांडगी पोरं, स्वतःच्या खर्चाने शिकायची, पहिलं वर्ष न खेळता वजनं उचलायची, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी अडवणाऱ्यांच्या फळीत उभी राहायची. दीडशेच्या वर खेळाडूंचा संघ असायचा. शिष्यवृत्त्यांची मर्यादा 1973 मध्ये 105 झाली, 1978 मध्ये 95, आणि 1992 पासून टप्प्याटप्प्याने 1994 पर्यंत 85. प्रत्येक कपातीने इतरांचं नुकसान झालं तेवढं नेब्रास्काचं झालं नाही, कारण उरलेली जागा वॉक-ऑन भरत. 2025 पासूनच्या नव्या व्यवस्थेत मर्यादा शिष्यवृत्त्यांवर नसून एकूण खेळाडूंवरच आहे: 105. शिवाय खेळाडूंना आता पैसे मिळतात आणि ते दर वर्षी विद्यापीठ बदलू शकतात. पाच वर्षं मुरवायला मुलगाच थांबत नाही.

म्हणून ‘ऑप्शन चालवा’ म्हणणाऱ्या आजोबांचं म्हणणं अर्धंच खरं. खेळी परत आणता येईल. ती चालवणारा कारखाना परत येणार नाही. हे एकदा करून पाहिलं गेलंही आहे: 1997 चा क्वार्टरबॅक, वुड रिव्हर या गावचा स्कॉट फ्रॉस्ट, 2018 च्या हंगामासाठी मोठ्या अपेक्षेने प्रशिक्षक म्हणून आणला. 16 विजय, 31 पराभव, सप्टेंबर 2022 मध्ये हकालपट्टी. हा विषय टेलगेटवर काढू नका. तेवढ्यापुरता खाण्याचा ओघ थांबतो. ऑस्बोर्ननंतरचे प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांचा विषय काढायला हरकत नाही. 2003 मध्ये नऊ सामने जिंकूनही त्यांना काढलं, आणि पुढच्याच वर्षी 35 वर्षांची बोल सामन्यांची अखंड परंपरा तुटली. त्या निर्णयाचा राग सगळ्या थरांत सारखा आहे.

सामना संपला की लगेच उठू नका. पाहुणा संघ मैदान सोडताना उत्तरेकडची गर्दी उभी राहून टाळ्या वाजवते, नेब्रास्काला हरवून गेला असला तरी. 1980 मध्ये फ्लोरिडा स्टेट इथे 18-14 जिंकून गेला तेव्हा त्यांचे प्रशिक्षक बॉबी बाऊडेन या वागणुकीने इतके भारावले की त्यांनी पत्र लिहून आभार मानले. आम्ही पाहिलेल्या सामन्यात टाळ्या थोड्या विरळ होत्या, पण होत्या.

नंतर आय-80 पूर्वेकडे किमान दीड तास तुंबलेला असतो. हेमार्केटात बसून राहा, किंवा यूएस-6 धरून ॲशलंडमार्गे जा: वेग कमी, पण गाडी चालत राहते.

रविवार: हेस्टिंग्ज

बहुतेक लोक रविवारी सकाळीच परततात. दिवस हाताशी असेल तर पश्चिमेला हेस्टिंग्जपर्यंत जावं, शंभरेक मैल. आय-80 टाळून यूएस-6 घ्या. फ्रेंड, एक्झिटर, सटन अशी गावं लागतात. प्रत्येक गावाला धान्याचा उंच एलिव्हेटर, पाण्याची टाकी, आणि शाळेचं फुटबॉल मैदान. काही शाळांत मुलं इतकी कमी की अकराऐवजी आठ-आठ जणांचा फुटबॉल खेळतात. वॉक-ऑन आटण्यामागे नियम जितके, तितकीच ही रिकामी होत चाललेली गावं आहेत. सटनमध्ये रशियातून आलेल्या जर्मनांची आणखी एक जुनी वसाहत.

काढणीच्या दिवसांत रस्त्यावर कम्बाइन, म्हणजे कापणी-मळणीचं यंत्र, येतं, दोन्ही लेन व्यापणारं. मागे धीराने राहा. चालक जागा मिळाली की हात करतो. धुळीमुळे दमा असलेल्यांनी काचा बंद ठेवाव्यात.

हेस्टिंग्ज हे ऑस्बोर्नचं गाव. इथल्याच हेस्टिंग्ज कॉलेजमध्ये ते क्वार्टरबॅक होते. कॉलेजचा परिसर शांत आणि देखणा. गावाची दुसरी ओळख कूल-एड: 1927 मध्ये एडविन पर्किन्स यांनी बाटलीतल्या फळांच्या अर्काचा पोस्टखर्च परवडेना म्हणून त्याची भुकटी केली, तो प्रवास हेस्टिंग्ज म्युझियममध्ये मांडला आहे. रविवारी संग्रहालय उशिरा उघडतं, वेळ आधी बघून घ्या.

गावातल्या छोट्या कॅफेत न्याहारीला आदल्या दिवशीच्या सामन्याचं शवविच्छेदन चालू असतं. एका टेबलावर सहा म्हातारे, पाच लाल टोप्या आणि एक बियाणे कंपनीची हिरवी. वाद होता तो कालच्या सामन्याचा नाहीच, 23 नोव्हेंबर 2001 चा: कोलोरॅडो 62, नेब्रास्का 36. तोपर्यंत लागोपाठ 33 हंगाम किमान नऊ विजय होते, पुढच्याच वर्षी ते थांबले. हिरव्या टोपीवाल्यांच्या मते ऱ्हास त्या दिवशी सुरू झाला. बाकीच्यांच्या मते 2011 मध्ये बिग टेन गटात गेल्यावर, कारण जवळची सगळी जुनी वैरं तुटली. वेट्रेसने तिसऱ्यांदा कॉफी ओतली तरी निकाल लागला नव्हता.

ओमाहाहून संध्याकाळचं विमान असेल तर हेस्टिंग्जहून दुपारी एकच्या आत निघा. उत्तरेला यूएस-281 ने ग्रँड आयलंडपाशी आय-80 लागतो, तिथून विमानतळापर्यंत एकूण दीडशे मैलांच्या वर अंतर आहे, आणि लिंकन ते ओमाहा पट्ट्यात रविवारी दुपारीही लाल झेंडे लावलेल्या गाड्यांची रांग असते. पेट्रोल हेस्टिंग्जमध्येच भरा, भाड्याची गाडी रिकामी परत केली तर विमानतळावरचा दर झोंबतो.